आधी वजन विचारा! सेकंड-हँड बेस गिटार आणि तिच्या ओझ्याचा इतिहास

आजचा भाग आहे बेस गिटारवर. त्यातही सेकंड-हँड बेसवर, आणि त्यातही हलक्या बेसवर. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा सगळा भाग इथे लिहून ठेवलाय. बसमध्ये उभ्या उभ्या वाचून होईल.

वापरलेल्या बेसची जाहिरात तुम्ही कधी ना कधी बघितली असेल. कंपनी, रंग, 'फारशी वापरलेली नाही', सोबत बॅग फुकट, किंमत थोडी कमी-जास्त होईल. सगळं असतं त्यात. एकच गोष्ट नसते, ती म्हणजे वजन. आणि गंमत बघा, हे वाद्य जन्माला आलं तेच मुळी ओझ्याला कंटाळून!

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्यात? एक बेस साडेतीन किलोचा, दुसरा पाच किलोचा. फरक दीड किलोचा. दीड किलो म्हणजे कांद्याची एक पिशवी. बरोबर. पण ती पिशवी एकाच खांद्याला अडकवून तीन तास उभे राहा, आणि वर दोन्ही हातांनी बारीक काम करा. मग बॅग पाठीवर टाकून गर्दीची लोकल पकडा. महिन्याभरात प्रॅक्टिस आपोआप कमी व्हायला लागते. आपल्याला वाटतं आपणच आळशी झालो. खरं तर खांदा तक्रार करत असतो.

म्हणून आज आपण बेसचा इतिहास वजनाच्या बाजूने बघणार आहोत. तो एकदा कळला की जुना बेस हातात घेतल्यावर काय बघायचं आणि घरी आणल्यावर कुठला स्क्रू फिरवायचा, हे बऱ्यापैकी आपोआप कळतं.

माणसाएवढं वाद्य

बेस गिटारच्या आधी होता डबल बेस. व्हायोलिनच्या घराण्यातला सगळ्यात थोरला भाऊ. माणसाच्या डोक्याच्या वर जाणारा, पोकळ, नाजूक, आणि कुठल्याही गाडीत न मावणारा. जॅझ आणि डान्स बँडमध्ये १९३० च्या दशकात ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ड्रम्स इतके जोरात वाजायचे की मागे उभा असलेला बेसवाला दिसायचा, पण ऐकू यायचा नाही.

अमेरिकेत सिएटल शहरात पॉल टटमार्क नावाचे संगीतशिक्षक होते. त्यांच्याबद्दल एक किस्सा सांगतात. बँडमधले बाकी सगळे एका गाडीत हसत-खेळत जायचे, आणि बेसवाला मात्र आपल्या अवाढव्य वाद्यासोबत दुसऱ्या गाडीत एकटाच. टटमार्कना त्याची कीव आली. १९३६ च्या सुमारास त्यांनी 'ऑडिओव्हॉक्स ७३६' नावाचा बेस बाजारात आणला. भरीव लाकडाची लहान बॉडी, फ्रेट म्हणजे आपल्या सतारीसारखे पडदे, विजेचा पिकअप, आणि गिटारसारखा आडवा धरून वाजवायचा. आज आपण ज्याला बेस गिटार म्हणतो त्यातलं जवळपास सगळं त्यात होतं. पण तो फारसा खपला नाही आणि लोक विसरूनही गेले.

रेडिओ दुरुस्त करणारा माणूस

पंधरा वर्षांनी तीच कल्पना चालली, ती लिओ फेंडरमुळे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ साली त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. आणि ऐका, या माणसाला गिटार वाजवताच येत नव्हती! पण दुरुस्ती करणाऱ्याचं डोकं वेगळं चालतं. कुठलीही वस्तू बघितली की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: ही बिघडली तर उघडायची कशी?

१९५१ च्या शेवटी त्याने 'प्रिसिजन बेस' आणला. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. डबल बेसला पडदे नसतात, त्यामुळे सूर बोटाच्या अंदाजावर. इथे पडदे आहेत, बोट ठेवा, सूर बरोबर लागणार, म्हणून ते नाव. तारेची वाजती लांबी ३४ इंच ठेवली, आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात.

पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. जुन्या पद्धतीत वाद्याची मान, म्हणजे नेक, बॉडीला सरसाने चिकटवलेली असायची. लिओने ती चार स्क्रूंनी बसवली. नेक खराब झाली? चार स्क्रू काढा, दुसरी लावा. ब्रिजवर तारांची उंची आणि लांबी बदलायलाही स्क्रू. म्हणजे कारागिराकडे न जाता, साध्या हत्यारांनी, वाजवणाऱ्याने स्वतः जुळवावं असं हे वाद्य. सत्तर वर्षांनंतरही सेकंड-हँड बेस घेणं परवडतं, त्याचं मूळ इथे आहे.

त्याने आणखी एक बारकाई पाळली. नेक लांब झाल्यावर तिचं टोक खाली झुकायला लागतं. म्हणून बॉडीचं वरचं शिंग पुढे वाढवलं. पट्टा त्या शिंगाला अडकतो आणि तोल सावरतो. बेसची ती दोन शिंगं नुसती शोभेची नाहीत.

जॅझमध्ये हे वाद्य मिरवलं ते मंक माँटगोमेरी या वादकाने, लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये. तो मूळचा डबल बेसवाला. सुरुवातीला हे फळकूट त्याला फारसं आवडलं नव्हतं म्हणतात. पण नेट लावून शिकला, आणि विजेचा बेस घेऊन गावोगाव फिरणाऱ्या पहिल्या नावाजलेल्या वादकांत गेला.

पहिल्या प्रिसिजनची बॉडी म्हणजे अ‍ॅश लाकडाची सरळ कापलेली फळी. कडा बरगडीत रुतायच्या. १९५४ साली त्या कडा तासून गोलसर केल्या. पुढे १९५६ च्या आसपास बऱ्याच बॉड्या ऑल्डर लाकडाच्या व्हायला लागल्या. हे लाकूड मध्यम वजनाचं आणि बऱ्यापैकी एकसारखं मिळणारं. साधारण ३.६ ते ४.१ किलो हे अशा बेसचं नेहमीचं वजन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हलकं म्हणजे स्वस्त?

त्याच काळात दोन ठिकाणी फारच हलके बेस बनत होते, आणि दोन्ही स्वस्तातले.

पहिलं ठिकाण जर्मनीतलं बुबेनरॉइट. व्हायोलिन बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या हॉफ्नर कंपनीने १९५६ मध्ये '५००/१' आणला. आकार व्हायोलिनचा, आत पोकळ, तारेची लांबी जेमतेम ३० इंच, आणि वजन सव्वादोन किलोच्या आसपास. १९६१ साली हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र-रात्र वाजवणाऱ्या एका तरुण मुलाने तो घेतला, साधारण ३० पौंडांना. फेंडरला १०० पौंडांच्या आसपास मोजावे लागले असते, ते त्याच्याकडे नव्हते. शिवाय तो डावखुरा. व्हायोलिनचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही. मुलाचं नाव पॉल मॅकार्टनी. पुढे तो बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेला. तो परत सापडल्याची बातमी आली २०२४ मध्ये, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांनी!

दुसरं ठिकाण अमेरिकेत, नेथन डॅनियलची डॅनइलेक्ट्रो कंपनी. लाकडाची चौकट, आणि वर-खाली दाबून बनवलेल्या भुश्शाचा हार्डबोर्ड, म्हणजे स्वस्तातल्या कपाटाच्या पाठीला असतो तसा. पिकअपची आवरणं तर चक्क लिपस्टिकच्या नळ्यांची! गिटार हलकी, आवाज मस्त, किंमत कमी.

मला वाटतं, इथेच लोकांच्या डोक्यात एक गैरसमज घट्ट बसला असणार: हलका तो स्वस्त, जड तो भारी. आजही दुकानात बेस उचलून लोक म्हणतात, "काय सॉलिड आहे राव!"

जड दशक

१९६५ च्या जानेवारीत सीबीएस या बड्या कंपनीने फेंडर १.३ कोटी डॉलर्सना विकत घेतली. कारखाना वाढला, उत्पादन वाढलं. १९७० च्या दशकात अ‍ॅश लाकडाच्या बॉड्या पुन्हा भरपूर बनू लागल्या. आता अ‍ॅश हे नाव एक असलं तरी लाकडं दोन तऱ्हेची. दक्षिणेकडच्या दलदलीतल्या झाडांच्या बुंध्याचं लाकूड हलकं, तर उत्तरेकडच्या थंड भागातलं घट्ट आणि जड. त्या दशकातले बरेच बेस जड लाकडाचे निघाले. साडेचार किलो, कधी पाचच्या वर.

त्यात रॉकचा जमाना. लाकूड जड तर तार जास्त वेळ वाजत राहते, अशी समजूत पसरली. पितळेचे जाडजूड ब्रिज आले. अलेम्बिकसारख्या कंपन्या लाकडाचे थर एकावर एक चिकटवून, आत इलेक्ट्रॉनिक्स भरून महागडे बेस बनवू लागल्या. कारागिरी अप्रतिम, पण ओझं ओझंच.

म्हणजे गाडीत मावावं म्हणून जन्मलेलं वाद्य वीस-पंचवीस वर्षांत पुन्हा खांदा मोडायला लागलं.

डोकंच उडवलं

यावर उत्तर शोधलं ते एका फर्निचर डिझायनरने. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये काम करणाऱ्या नेड स्टाइनबर्गरने विचार केला, नेकच्या टोकाला चार धातूच्या खुंट्या कशाला लटकवायच्या? त्याने खुंट्या उचलून बॉडीच्या शेवटी, ब्रिजपाशी नेल्या आणि नेकचं डोकंच उडवलं. लाकडाऐवजी कार्बन फायबर मिसळलेलं प्लॅस्टिक वापरलं. बॉडी उरली खोक्याएवढी. १९८० च्या सुमारास आलेला हा बेस बघून लोक हसले, पण वाजवणारे हसले नाहीत. कारण त्याचा तोल अफलातून होता.

त्याने एक गोष्ट सिद्ध केली. काट्यावरचं वजन वेगळं आणि अंगावर जाणवणारं वजन वेगळं. बॉडी हलकी आणि नेकचं टोक जड असेल तर बेस सतत खाली झुकतो, याला 'नेक डाइव्ह' म्हणतात. मग डावा हात सूर धरायचं सोडून नेक उचलून धरत बसतो. असा तीन किलोचा बेस चार किलोच्या तोल सावरलेल्या बेसपेक्षा जास्त दमवतो.

१९८७ मध्ये जपानच्या आयबानेझने 'साउंडगिअर' ही मालिका काढली. बारीक नेक, कडेला निमुळती होत जाणारी पातळ बॉडी. त्याच घराण्यातले परवडणारे बेस आज आपल्याकडच्या सेकंड-हँड बाजारात नेहमी दिसतात. म्हणजे लहान चणीच्या किंवा खांदा नाजूक असलेल्या वादकाला आता तडजोड करावी लागत नाही.

विकत घेताना

आता हा सगळा इतिहास कामाला लावू. बेस बघायला गेलात की पहिली गोष्ट: वजन करा. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा शे-दोनशे ग्रॅमचा फरक सहज दाखवतो. तो नसेल तर साध्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग बेस घेऊन उभे राहा, आणि वजाबाकी करा. विकणारा लांब राहत असेल तर त्याच्याकडून काट्याचा फोटो मागवा. ३.६ किलोच्या खाली असेल तर हलका म्हणायचा. साडेचारच्या वर असेल तर दोनदा विचार करा, मग तो सत्तरच्या दशकातला असो नाहीतर गेल्या वर्षीचा.

दुसरी गोष्ट तोलाची. पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात हळूच सोडा. नेक खाली जायला लागली तर समजा डाव्या हाताला कायमची नोकरी लागली. यावर उपाय आहे. जुन्या जड खुंट्या काढून हलक्या बसवल्या तर टोकाकडचं वजन उतरतं आणि फरक लगेच जाणवतो. पट्टा रुंद, आतून खरखरीत असला तरी मदत होते. फक्त तो खर्च घासाघीस करताना आधीच किमतीतून वजा करा.

तिसरी गोष्ट नेकची. सुतार फळी सरळ आहे का बघायला एक डोळा मिटून कडेवरून बघतो ना, तसंच बघा. थोडासा समोरचा बाक चालतो. पण नेक पिळवटलेली असेल, म्हणजे एक कड वर आणि एक खाली, तर नमस्कार करून निघा. मग ट्रस रॉडचा नट फिरतो का ते मालकाला विचारून बघा. तो पूर्ण घट्ट झालेला किंवा झिजलेला असेल, तर पुढे नेक जुळवायला जागाच उरत नाही.

चौथी गोष्ट: चारही तारांवर एकेक पडदा दाबून प्रत्येक सूर वाजवा. कंटाळवाणं आहे, पण करा. कुठला सूर मेलेला आहे, कुठे तार खडखडते, ते तिथेच कळेल.

आणि अ‍ॅम्पला लावून ऐका. नॉब फिरवताना करकर आली तर बहुतेकदा ती साफसफाईने जाते. जॅझ बेस, जो १९६० मध्ये आला, त्यात दोन साधे पिकअप असतात. एकाचा आवाज बंद केला की थोडी घूं-घूं येते, दोन्ही पूर्ण उघडले की जाते. तो बिघाड नव्हे, ती त्याची जात आहे.

या बाबतीत जॅको पास्टोरियसची आठवण काढायलाच हवी. १९६२ सालचा जॅझ बेस, त्याने फ्लोरिडात सेकंड-हँड घेतलेला. किंमत, त्याच्याच सांगण्यानुसार, ९० डॉलर्सच्या आसपास. पडदे काढून टाकले, खाचा बुजवल्या, आणि वर होडीला लावतात तसला इपॉक्सीचा थर दिला. त्या जुन्या लाकडातून त्याने जो आवाज काढला, त्याने बेस वाजवायची पद्धतच बदलली.

घरी आणल्यावर

आता सेटअप. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक गोष्ट हलवली की पुढची हलते.

आधी नव्या तारा. बेस कमी लांबीचा, म्हणजे ३० इंची असेल, तर तारा शॉर्ट स्केलच्याच घ्या. लांब तारांचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि त्रास देतो. १९६६ च्या आसपास द हू बँडच्या जॉन एन्टविसलबरोबर काम करून रोटोसाउंडने गोल तारेच्या वेष्टनाच्या झणझणीत तारा काढल्या. त्याआधीच्या चपट्या वेष्टनाच्या तारा गुळगुळीत, आवाज मऊ. मोटाउनचा जेम्स जॅमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर अशाच चपट्या तारा वाजवायचा, आणि त्या क्वचितच बदलायचा.

तारा सुरात लावल्या की ट्रस रॉड. नेकच्या आत बसवलेली ही लोखंडी सळई. गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यांना तिचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं. चार तारा मिळून साधारण ७० ते ८० किलोचा ताण नेकवर असतो, आणि सळई त्याला उलट खेचते. पहिला पडदा आणि शेवटचा पडदा दाबा, आणि आठव्या पडद्यापाशी तार आणि पडद्यामधली फट बघा. साधारण ०.३ मिलिमीटर हवी, म्हणजे जाड पत्रिकेच्या कागदाएवढी. फट जास्त तर नट घट्ट करा, कमी तर सैल. एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सुरात लावून बघायचं. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा आणि जाणकाराकडे न्या.

मग तारांची उंची. सतराव्या पडद्यावर जाड तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर, बारीक तारेखाली २. ही सुरुवात. हात जोरकस असेल तर वाढवा. जॅमरसनच्या तारा उंच असायच्या, कारण तो मुळात डबल बेसवाला. तुमचा हात तुम्हाला माहीत.

शेवटी सुराची लांबी जुळवणं. बाराव्या पडद्यावर तार न दाबता हलकेच स्पर्श करून जो सूर निघतो तो, आणि दाबून निघतो तो, दोन्ही ट्यूनरवर सारखे हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरता असेल तर पुढे. फोनवरचं ट्यूनर अ‍ॅप यासाठी पुरतं. पहिल्या प्रिसिजनला दोनच सॅडल होती, एकेका सॅडलवर दोन-दोन तारा, त्यामुळे थोडी तडजोड व्हायचीच. १९५७ मध्ये चार झाली. जुन्या धाटणीची नक्कल घेतलीत आणि ब्रिजवर दोनच सॅडल दिसली, तर हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. मुंबई, कोकण, गोव्याचा पावसाळा आणि विदर्भाचा मे महिना, यात लाकूड हलतं. जूनमध्ये जुळवलेली नेक जानेवारीत तशीच राहील अशी अपेक्षा ठेवू नका. वर्षातून दोनदा, पावसाळा लागला की आणि संपला की, पाव फेऱ्याची तयारी ठेवा. भिंतीला ओल येत असेल तर बेस त्या भिंतीला टांगू नका.

तर मंडळी, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने हे वाद्य उघडता यावं असं बनवलं. त्याचा फायदा आज खिशात मोजके पैसे असलेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांना होतो. जुना बेस घ्यायला घाबरू नका. स्क्रू फिरवायलाही घाबरू नका. फक्त एक करा. स्क्रू फिरवून उंची बदलते, सूर बदलतो, नेकसुद्धा बदलता येते. लाकडाचं वजन मात्र कुठल्याच स्क्रूने कमी होत नाही. म्हणून पुढच्या वेळी जाहिरात बघितली की "लास्ट प्राइस काय?" च्या आधी विचारा, "वजन किती आहे हो?"

आज एवढंच. तुमचा बेस किती किलोचा आहे ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!